गुरुवारची खाडी

(पडद्यावर चेंदणी बंदरालगतचा चिखल. तिवरांच्या मुळ्या. दूरवर लोकलचा खडखडाट.)

ठाण्याची खाडी बहुतेकांना लोकलच्या दारातून दिसते. कळव्याकडे जाताना वाऱ्याचा एक झोत येतो, खारट वास येतो, आणि गाडी पुढे जाते. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यापर्यंतच आली होती. पुढच्याच वर्षी, 1 मे 1854 ला, खाडी ओलांडून रूळ कल्याणला पोचले. तेव्हापासून आपण या पाण्यावरून जातोच आहोत. त्याच्या काठाशी थांबायचं मात्र राहून गेलं.

मी इथल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. यंदा दुसऱ्या सत्रात आम्ही खाडीवर एक अभ्यासक्रम सुरू करतोय. दोन श्रेयांकांचा, म्हणजे 30 तासांचा. कला, वाणिज्य, विज्ञान, कुठल्याही शाखेच्या मुलाला घेता येईल असा. दर गुरुवारी साडेअकरा ते दीड.

(शिक्षकांची खोली. टेबलावर चहाचे कप, कागद.)

पहिल्या बैठकीत आम्ही तासांची वाटणी केली. इतिहासाला सहा, प्राणिशास्त्राला सहा, रसायनशास्त्राला सहा, असं करत करत तीस. भावकीतल्या जमिनीसारखी वाटणी. प्रत्येकाला आपापला तुकडा, मध्ये बांध. मुलं या बांधावरून त्या बांधावर उड्या मारत जाणार आणि शेवटी हातात पाच वेगळ्या वह्या. हे नको, एवढं आम्हा सगळ्यांना कळत होतं. काय हवं, ते कळेना.

ते सुचलं प्राणिशास्त्राच्या सरांच्या एका वाक्यावरून. ते म्हणाले, "खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, वाढले म्हणजे खाडी सुधारली, असं मुलं धरून चालतात."

मग, सुधारली नाही का?

(पाणथळीवर रोहित पक्ष्यांचा थवा, माना खाली घालून चरताना.)

1990 च्या दशकापासून इथे रोहित मोठ्या संख्येनं येऊ लागले. 2015 मध्ये अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, नाव लागलं. पण 'लहान रोहित' या जातीचा पक्षी जगतो तो मुख्यतः सूक्ष्म नील-हरित शैवालावर. आणि शहराच्या सांडपाण्यातून नायट्रेट, फॉस्फेट आलं की शैवाल फोफावतं. म्हणजे ज्या पाण्यानं कोळ्याचं जाळं रिकामं राहतं, त्याच पाण्यानं पक्ष्याचं पोट भरत असेल. रसायनशास्त्राच्या मॅडम लगेच म्हणाल्या, पाणी तपासूया. अर्थशास्त्रवाले म्हणाले, मासळीच्या उत्पन्नाचं काय? इतिहासाच्या सरांनी पुलांची जुनी छायाचित्रं काढायचं ठरवलं, कारण खांबांशी पाणी मंदावतं, गाळ बसतो, आणि गाळाशिवाय ही चिखलपट्टी समजत नाही. त्या दुपारी पहिल्यांदाच कुणी तास मोजले नाहीत. तोच प्रश्न अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर आला.

पाहुण्यांची यादी त्यातूनच ठरली. पक्षी-अभ्यासक, सांडपाणी प्रक्रियेतले अभियंता, ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्राची एक भेट. आणि चेंदणी कोळीवाड्यातले एक काका.

(काकांचे हात. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकतोय.)

काकांकडे आम्ही वेळ विचारायला गेलो होतो. त्यांनी उलट विचारलं, "तिथी कोणती?" अष्टमी, म्हटलं. पेरांवर अंगठा फिरला. "आठाची पाऊणपट सहा. भरती सहाला. म्हणजे तुमच्या वेळेला सुकती, ओहोटी. चिखल बघाल. पुढच्या गुरुवारी पुनवेच्या आसपास याल, तेव्हा पाणी काठोकाठ."

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पिढ्यान्‌पिढ्यांचा आडाखा. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. आठवड्याला हा फरक सहा तासांच्या जवळ जातो, आणि भरतीच्या वेळेला सुकती येते. आमचं वेळापत्रक काकांनी एका वाक्यात लावून दिलं: एक गुरुवार वर्गात, पाहुण्यांसोबत, पुढचा गुरुवार, सुकतीच्या वेळी, खाडीवर. संख्याशास्त्राच्या सरांनी कागदावर ताडून पाहिलं. दर पंधरवड्याला सुकती 35-40 मिनिटं अलीकडे येते, त्यामुळे खाडीच्या चार फेऱ्या या वेळेत नीट बसतात, पुढे नाही. एवढ्या पुरेत.

मानधनाच्या अर्जात एक रकाना होता: शैक्षणिक पात्रता. काकांचा तो रिकामा राहिला आणि अर्ज परत आला. आम्ही लिहिलं, "खाडीवर चाळीस वर्षं मासेमारी," आणि पुन्हा पाठवला. मानधन अभियंत्यांइतकंच, याबद्दल आमच्यात दुमत झालं नाही. मला त्याचा आनंद आहे.

(फळ्यावर चौकोन आखले जात आहेत.)

मुलांच्या शेवटच्या सादरीकरणावर मात्र आम्ही तीन बैठका घातल्या. चौघांचा गट, शाखा वेगवेगळ्या. नुसतं एवढं ठरवलं तर विज्ञानाची मुलगी पाण्याचे आकडे वाचते, वाणिज्यचा मुलगा भाव सांगतो आणि वाटणी पुन्हा सुरू. म्हणून नियम केला: आपला विषय आपण मांडायचा नाही. ऑक्सिजनचं प्रमाण का घटतं, ते बीकॉमच्या मुलानं सांगायचं. बाजारभाव रसायनशास्त्राच्या मुलीनं. म्हणजे त्यांना आधी एकमेकांना शिकवावं लागेल, कँटीनमध्ये बसून, वाद घालून. गुण देताना मी तेच बघणार आहे.

पाहुणे व्याख्यान देऊन, शाल-श्रीफळ घेऊन निघून जातात, हेही बदलायचं होतं. सादरीकरणाच्या दिवशी सगळ्यांनी परत यायचं, पहिल्या रांगेत बसायचं आणि मुलांना प्रश्न विचारायचे. अभियंत्यांनी होकार दिला. पक्षी-अभ्यासकांनीही.

काकांनी तारीख विचारली, पेरं मोजली आणि मान हलवली. "मॅडम, हे तर उधाण. उधाणाला आम्ही पाण्यात. भांगाला ठेवा की." उधाण म्हणजे पुनव-अवसेची मोठी भरती, भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान.

(फळ्यावरची तारीख पुसली जाते. ओल्या जागेवर खडू उमटत नाही. थोडं थांबून त्याखाली पुढच्या गुरुवारची तारीख लिहिली जाते.)