वरची रेघ, खालची रेघ
(हरिभाऊ वाकणकर स्मरण-व्याख्यान; संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

आजच्या व्याख्यानासाठी मी ‘अनुरेखन ही संशोधनाची पद्धत’ असा विषय दिला होता; अनुरेखन म्हणजे भिंतीवरच्या चित्राची रेघेबरहुकूम हाताने प्रत काढणे. त्याकडे वळण्याआधी मला आगगाडीच्या गोष्टीविषयी बोलायचे आहे, कारण ती मला अनेक वर्षे खुपते आहे. १९५७ साली भोपाळच्या परिसरातून आगगाडीने जाताना विष्णु श्रीधर वाकणकरांना, म्हणजे आपल्या हरिभाऊंना, खिडकीतून आगळ्या आकाराचे खडक दिसले, ते त्या खडकांचा माग काढत गेले आणि आदिम माणसाच्या शैलचित्रांचे, म्हणजे कातळावरील चित्रांचे, भीमबेटका हे स्थळ जगासमोर आले, ही गोष्ट तुम्हा सर्वांना पाठ आहे. ती सुंदर आहे याबद्दल वाद नाही. माझी तक्रार एवढीच, की ती सांगून झाली की लोक थांबतात, आणि हरिभाऊंचे सारे कर्तृत्व एका खिडकीत मावते.

त्या मार्गावरून असंख्य प्रवासी जात होते. भीमबेटक्याचे नावही नवे नव्हते. १८८८ सालीच पुरातत्त्वाच्या नोंदींत ते बौद्ध स्थळ म्हणून येऊन गेले होते. मग ते खडक हरिभाऊंनाच का खुणावले? नीमचला १९१९ साली जन्मलेला आणि चित्रकार म्हणून घडलेला हा माणूस तोवर चंबळच्या खोऱ्यातील शैलाश्रय, म्हणजे माणसाने आसरा घेतलेल्या कातळाखालच्या जागा, पायाखाली घालत होता. कोणत्या कातळाखाली माणूस आसरा घेईल, कोणत्या भिंतीवर पावसाचे पाणी न पोचल्याने रंग टिकला असेल, हे ओळखण्याची सवय त्याच्या नजरेला लागली होती. आपण योगायोग म्हणतो तेव्हा त्या पायपिटीची वर्षे पुसून टाकतो.

पुढे चित्रांच्या प्रती काढण्यात घेतलेल्या कष्टांचेही तेच होते. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी शैलचित्रांच्या हाताने काढलेल्या प्रती पाहिल्या. प्रत्येकीखाली स्थळ आणि अंदाजे काळ लिहिला होता, परंतु प्रत कोणी काढली याचा उल्लेख एकाही पाटीवर नव्हता. तेथील व्यवस्थापकांना विचारले, तेव्हा ते अत्यंत सौजन्याने म्हणाले, “चित्रकार अज्ञात आहे.” ते हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाविषयी बोलत होते आणि मी समोरच्या कागदाविषयी विचारत होतो. (हशा) आपण हसलात, पण मला त्या दिवशी फार वाईट वाटले, कारण जी व्यक्ती कातळाखाली मान वाकडी करून तासन्‌तास बसली असेल, तिने काही शोधले आहे हे आपल्याला अजून मान्यच झालेले नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा थोडक्यात मांडतो. भीमबेटक्याच्या भिंतींवर एकाच जागी वेगवेगळ्या काळांतील माणसांनी चित्रे काढली आहेत. जुन्या हरणाच्या पोटावरून नंतरच्या घोडेस्वाराचा भाला जातो, आणि पाहणाऱ्याला तो सारा लाल-पांढऱ्या रेघांचा एकच गुंता दिसतो. छायाचित्र हा गुंता जसाच्या तसा उचलते. प्रत काढणाऱ्याची पेन्सिल मात्र जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे अडते, कारण कोणती रेघ अखंड न्यायची आणि कोणती तोडायची, म्हणजेच कोणती आधीची आणि कोणती नंतरची, हे ठरवल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. अशा शेकडो निर्णयांतून थरांचा क्रम लागतो. वाकणकरांनी शैलींची जी कालानुक्रमी मांडणी केली, तिच्यामागे हा आधार होता.

क्रमावरून वर्षे मिळत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी तिथे उत्खननही केले. खाली थरांत सापडलेले हिरव्या रंगद्रव्याचे तुकडे आणि भिंतीवरील हिरव्या आकृत्या यांची सांगड घालून त्या आकृत्या उत्तर पुराश्मयुगातील, म्हणजे जुन्या अश्मयुगाच्या अखेरच्या टप्प्यातील, असाव्यात, असे त्यांनी मांडले. हे मत सर्व अभ्यासकांना मान्य नाही, आणि माझ्या दृष्टीने थरातील तुकड्यापासून भिंतीवरील रेघेपर्यंतची ही उडी मोठीच आहे. पण तिची चिकित्सा करायची तर हिरव्या आकृतीवरून दुसऱ्या रंगाची रेघ नेमकी कुठे गेली आहे हे पाहावे लागते, आणि त्यासाठी हरिभाऊंनी काढलेल्या प्रती पुन्हा भिंतीशेजारी धराव्या लागतात.