जवाच्या शेतातली वर्तुळं

[दृश्य: शेत, जमिनीच्या पातळीवरून]

जून संपत आलाय. दक्षिण इंग्लंडमधला विल्टशर परगणा. समोर जवाचं शेत. वारा आला की सगळ्या ओंब्या एका अंगाला कलतात, गेला की उभ्या राहतात. बांधावरून पाहा, आत शिरून पाहा, शेताशिवाय इथे काही नाही.

[ड्रोन वर जातो]

आता थोडं वर जाऊ. अजून थोडं.

हे पाहा. पिवळ्या पडत चाललेल्या पिकात एक हिरवं कडं. त्याच्या शेजारी दुसरं. पलीकडे तिसरं, अर्धंच, बाकीचं रस्त्याखाली गेलेलं.

ही थडगी आहेत. साधारण चार हजार वर्षांपूर्वीची.

[दृश्य: स्टोनहेंजजवळची शाबूत टेकाडं, गवत, मेंढ्या]

मुळात ती अशी होती. इ.स.पू. 2200 ते 1500 च्या आसपास या भागात माणसाला पुरायचे, किंवा दहन करून अस्थी पुरायचे. भोवती गोल चर खणायचे आणि त्याच चरातला मालमसाला मधोमध रचून टेकाड करायचे. इथे मातीखाली वीत-दीडवीत गेलं की पांढराशुभ्र खडूचा खडक लागतो. म्हणजे नवं टेकाड लांबूनही पांढरं दिसत असणार. एकट्या स्टोनहेंजच्या, म्हणजे प्रचंड उभ्या दगडांच्या त्या प्राचीन वर्तुळाच्या, परिसरात अशी 300हून जास्त टेकाडं आहेत. त्यातली बरीचशी नांगरानं सपाट केली.

पण नांगर टेकाड खातो, चर खात नाही. चर जमिनीच्या पोटात असतो. तो हळूहळू भरत गेला, खोल, भुसभुशीत, ओल धरणाऱ्या मातीनं.

[जवळून: दोन रोपं, मुळांसकट]

ही दोन रोपं एकाच शेतातली, एकाच दिवशी पेरलेली. हे खडूवरचं. मूळ खाली गेलं, खडकाला अडलं. पाऊस ताणला तसं रोप खुरटलं आणि पिवळं पडलं. हे दुसरं चरावरचं. मूळ अजून खाली जातंय, ओल मिळतेय, पातं हिरवं, दाणा अजून दुधात. आपल्याकडे जुन्या उकिरड्याच्या जागेवर ज्वारी काळीशार उठते, ती पाहिलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. पुरलेली भिंत असेल तर उलट होतं, तिच्यावरचं पीक आधी वाळतं.

पाऊस वेळेवर झाला तर यातलं काहीच उमटत नाही. 2018 चा उन्हाळा कडक गेला, आणि ब्रिटन-आयर्लंडच्या शेतांमधून कधी न पाहिलेल्या आकृत्या वर आल्या.

[दृश्य: कृष्णधवल हवाई छायाचित्रं, एकामागून एक]

हे वाचायला शिकवलं ज्यांनी, त्यांच्यात पहिलं नाव घ्यायचं ते ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांचं. आणि हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय: क्रॉफर्ड जन्मले मुंबईत, ब्रीच कँडीला, 28 ऑक्टोबर 1886 रोजी. वडील ठाण्यात न्यायाधीश. आई बाळंतपणानंतर काही दिवसांतच गेली. पुण्यातल्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठाची प्रमुख असलेल्या आत्यानं तीन महिन्यांच्या बाळाला बोटीनं इंग्लंडला नेलं.

पहिल्या महायुद्धात ते विमानातून टेहळणी करायचे. 1918 मध्ये विमान पाडलं गेलं, कैदेत पडले. सुटल्यावर 1920 मध्ये सरकारी नकाशा खात्यात पुरातत्त्व अधिकारी झाले, त्या खात्यातले पहिलेच. तिथे त्यांच्या हाती हवाई दलानं काढलेली छायाचित्रं आली. काढली होती वैमानिकांच्या सरावासाठी. त्यात कुणी इतिहास शोधत नव्हतं. क्रॉफर्डनी शोधला.

[दृश्य: 1921 चं छायाचित्र, दोन फिकट समांतर रेघा]

या दोन रेघा पाहा. स्टोनहेंजपासून एव्हन नदीपर्यंत गेलेल्या जुन्या वाटेचा हा हरवलेला तुकडा. छायाचित्र 1921 चं. क्रॉफर्डना त्यात रेघा दिसल्या 1923 मध्ये, आणि त्याच सप्टेंबरात त्यांनी खणून खात्री केली. चर तिथेच होते. म्हणजे दोन वर्षं उत्तर कुठल्याशा कपाटात पडून होतं. अशी कपाटं आजही जगभर आहेत, आपल्या देशातही, आणि ती कुणीतरी उघडायला हवीत.

1924 मध्ये मुरांब्याच्या व्यापारातले श्रीमंत वारस अलेक्झांडर कीलर यांच्या पैशावर कीलर आणि क्रॉफर्ड दोघांनी विमान भाड्यानं घेतलं आणि वेसेक्सचा, म्हणजे दक्षिण इंग्लंडमधला हा सगळा मुलूख वरून टिपला.

[दृश्य: वुडहेंज, खांबांच्या जागा दाखवणारे सिमेंटचे ठोकळे]

पुढच्याच वर्षी, डिसेंबरात, वैमानिक इन्सॉल यांनी इथे, आज वुडहेंज म्हणतात त्या जागी, वरून एक वर्तुळ पाहिलं. लोक या जागेला नांगरलेलं मोठं दफनटेकाड समजत. 1926 च्या जुलैत गहू उभा असताना पुन्हा छायाचित्र काढलं, तर वर्तुळात ठिपक्यांच्या रांगा. लाकडी खांबांचे खड्डे! थडगं नव्हे, खांबांची सहा वर्तुळं. आज तिथे प्रत्येक खड्ड्यावर एक ठोकळा आहे.

नांगरट मात्र चालूच आहे, आणि दर हंगामात चरही थोडा थोडा झिजतो.

[दृश्य: पुन्हा पहिलं शेत, वरून, कापणीयंत्र आत शिरतं]

कापणी सुरू झाली. यंत्र पहिल्या कड्याला एका बाजूनं भिडलंय.

[यंत्राचा आवाज. निवेदन नाही.]