ऑर्डर नंबर आपोआप आला कुठून?

(पडद्यावर सॅपची स्क्रीन. कर्सर वरच्या कमांड फील्डमध्ये.)

कंपन्यांचा कारभार ज्यावर चालतो त्या सॅप सॉफ्टवेअरमध्ये सेल्समधल्या कुणीतरी ऑर्डर नोंदवली, सेव्ह केली. मग वर 'स्लॅश ओ व्हीए०३', म्हणजे नव्या विंडोत ऑर्डर बघायचा कोड, टाइप करून एन्टर मारलं. नवी विंडो उघडली आणि ऑर्डर नंबरचा रकाना आधीच भरलेला! विंडो वेगळी, प्रोग्रामही वेगळा. मग एकाचा नंबर दुसऱ्याला कळला कसा?

(जर्मनी. वाल्डॉर्फमधल्या सॅपच्या मुख्यालयाचं दृश्य.)

आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये ही कंपनी काढली. १९९२ मध्ये तिचं 'आर/३' हे सॉफ्टवेअर आलं आणि काम तीन थरांत विभागलं गेलं. खाली डेटाबेस, मध्ये ॲप्लिकेशन सर्व्हर, वर माणसासमोरची स्क्रीन. मधल्या थरावर शेकडो लोक लॉगिन असतात, पण त्यांचं काम करणाऱ्या वर्क प्रोसेस मोजक्याच. तुम्ही एन्टर दाबलंत की त्यातली एक तुमचं काम हातात घेते, स्क्रीन परत पाठवते आणि लगेच दुसऱ्याकडे वळते. तुमच्या पुढच्या एन्टरला कदाचित वेगळीच प्रोसेस येईल. म्हणून तुमचं अर्धवट काम तुमच्या नावाने बाजूला जपून ठेवावं लागतं. हे जपलेलं कुणाला दिसणार, किती वेळ टिकणार, यावर पुढचं सगळं ठरतं.

आता तो ऑर्डर नंबर. तो आला सॅप मेमरीतून. पहिल्या प्रोग्रामने 'सेट पॅरामीटर' म्हणून 'एयूएन' या नावाखाली नंबर ठेवला, दुसऱ्याने 'गेट पॅरामीटर' म्हणून उचलला. ही मेमरी तुमच्या एका लॉगिनपुरती, पण त्या लॉगिनच्या सगळ्या विंडोंना सामाईक. सोय झकास. मात्र एका नावाखाली एकच किंमत मावते. दोन विंडोंमध्ये दोन ऑर्डरी उघडल्यात, तर नंतरची आधीचीला पुसते. नुसता रकाना भरायला हे चालतं, कारण माणूस वाचून बदलू शकतो. या नंबरावर विसंबून हिशेब करणारा प्रोग्राम लिहायचा म्हणजे मात्र निव्वळ धाडस आहे.

(पडद्यावर अबॅप या सॅपच्या प्रोग्रामिंग भाषेतला कोड, दोन ओळी ठळक.)

दुसरी सोय अबॅप मेमरी. ही एकाच विंडोतली. एका प्रोग्रामने दुसऱ्याला बोलावलं, त्याने तिसऱ्याला, की ही साखळी चालू असेपर्यंत 'एक्सपोर्ट टू मेमरी' करून ठेवलेलं 'इम्पोर्ट' करता येतं. एखादा नंबरच काय, अख्खं टेबल. शेजारच्या विंडोला त्याचा पत्ताही नसतो.

नव्या डेव्हलपरची विकेट हमखास इथे पडते. सेव्ह केल्यावर बरीचशी नोंद अपडेट टास्कमध्ये होते, आणि ते काम वेगळ्याच वर्क प्रोसेसमध्ये, वेगळ्या सेशनमध्ये चालतं. स्क्रीनवर एक्सपोर्ट केलेलं तिथे नसतंच. इम्पोर्ट आरडाओरडा करत नाही, मुकाट्याने साय-सबआरसी या निकाल सांगणाऱ्या व्हेरिएबलमध्ये ४, म्हणजे 'सापडलं नाही', टाकतं, आणि आपल्या व्हेरिएबलमध्ये आधी जे होतं तेच राहतं. तो ४ तपासलाच नाही, तर चुकीची नोंद बिनबोभाट पुढे जाते. याचं उलटही होतं. काम झाल्यावर 'फ्री मेमरी' केलं नाही, की त्याच साखळीतल्या पुढच्या ऑर्डरला मागच्या ऑर्डरचा माल चिकटतो.

(ऑफिस. दोन जण, दोन स्क्रीन.)

वेगवेगळ्या लोकांनी एकच माहिती वापरायची तर शेअर्ड मेमरी. दरांची यादी किंवा मोठं कॉन्फिगरेशन एकदा डेटाबेसमधून वाचायचं, तिथे ठेवायचं, सगळ्यांनी तिथूनच घ्यायचं. पण ही मेमरी प्रत्येक ॲप्लिकेशन सर्व्हरची आपापली. मोठ्या कंपनीत असे अनेक सर्व्हर असतात आणि लॉगिन करताना कोण कुठल्या सर्व्हरवर जाईल, ते तिथला लोड बघून ठरतं. हिंजवडीत बसून परदेशातल्या कारखान्याचं सॅप सांभाळणाऱ्या मंडळींना पुढचा संवाद तोंडपाठ असेल. "मला जुना दर दिसतोय." "माझ्याकडे तर नवा येतोय!" दोघंही खरं बोलत असतात. फक्त सर्व्हर वेगळे असतात, आणि एकावरचा बदल दुसऱ्यावर अजून पोचलेला नसतो.

(पडद्यावर एसएम१२. लॉकची यादी.)

मग दोघांनी एकच ऑर्डर बदलायला घेतली तर? एका वेळी एकालाच बदल करू देणारं डेटाबेसचं लॉक इथे पुरत नाही. प्रत्येक स्क्रीनबरोबर वर्क प्रोसेस सुटते, डेटाबेसमध्ये कमिट होतं, लॉकही जातं. म्हणून सॅपने आपलं स्वतंत्र लॉक टेबल ठेवलं. ते एन्क्यू सर्व्हरच्या मेमरीत असतं आणि सगळ्या ॲप्लिकेशन सर्व्हरांसाठी एकच. पहिल्याने व्हीए०२ मध्ये, म्हणजे बदल करायच्या स्क्रीनवर, ऑर्डर उघडली की तिथे त्याच्या नावाने नोंद पडते. दुसऱ्याला 'अमुक युजर यावर काम करतोय' एवढा मेसेज मिळतो. व्हीए०३ मधून नुसतं बघायला कुणाची आडकाठी नाही.

ऑर्डर उघडी टाकून माणूस जेवायला गेला, की खोळंबलेल्या दुसऱ्याचा फोन येतो, "ते लॉक काढा ना जरा!" एसएम१२ मध्ये ओळ निवडून डिलीट करायला क्षणभर पुरतो. पण जेवून आलेल्याची स्क्रीन अजून उघडीच असते, आणि आपलं लॉक गेलंय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. दुसऱ्याने आधीच सेव्ह केलं असलं, तरी तोही सेव्ह दाबतो. म्हणून जाणता बेसिसवाला, म्हणजे सॅपची यंत्रणा सांभाळणारा, आधी एसएम०४ उघडून तो युजर अजून लॉगिन आहे का ते बघतो, असेल तर त्यालाच फोन लावतो, आणि तो उचलेपर्यंत एसएम१२ ला हात लावत नाही.