रिकाम्या चिखलाचीही नोंद

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारी आला की ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर दुर्बिणी घेतलेली माणसं दिसू लागतात. आशियाई पाणपक्षी गणना. आपल्या देशात ती 1987 पासून चालू आहे आणि मोजणारे बहुतेक जण तुमच्याआमच्यासारखे. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणी बारावीला, कुणी रात्रपाळी संपवून थेट खाडीवर आलेलं. तुम्हीही या, हे सांगायला मी आज आले आहे. आणि एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: पक्षी दिसले तरी लिहा, नाही दिसले तरी लिहा.

मोजायचं कसं? थवा मोठा असला की एकेक पक्षी मोजत नाहीत. आधी दहा मोजायचे, दहांनी केवढी जागा व्यापली ते डोळ्यांत धरायचं आणि तेवढे तुकडे थव्यावर टाकत पुढे जायचं. थवा हजारोंचा असेल तर शंभराचा तुकडा. शेजारी जागा, तारीख, वेळ. बस. भारी कॅमेरा नको. माझं स्पष्ट मत आहे, कॅमेरा डोळ्याला लागला की माणूस एकाच पक्ष्यात अडकतो आणि मोजणी राहून जाते.

आता नवी मुंबईतल्या सारसोळे जेट्टीवरची गोष्ट सांगते.

रविवार होता. नेरुळ, सीवूड्स, घणसोलीहून आमचा गट जमला तेव्हा साडेनऊ वाजत आले होते. यादीत सगळ्यात वर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. समोर बघतो तर पाणीच पाणी. तिवरांच्या बुंध्यांपर्यंत चढलेलं. चिखल नाही आणि चिखलावर उभा राहणारा एकही पक्षी नाही. गटातले एक काका म्हणाले, "चला, आज काही नाही, चहा घेऊ." पण नोंदवही ज्या मुलीकडे होती, तिने शांतपणे लिहिलं: रोहित, शून्य. काका म्हणाले, "अगं, शून्य कशाला लिहितेस? वही वाईट दिसते." ती म्हणाली, "काका, साडेनऊला इथे रोहित नव्हते, हे आपल्याला कळलंय ना? मग लिहायला नको?"

जेट्टीवर एक म्हातारे कोळीबाबा जाळं उसवत बसले होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "आज तिथ कंची?" कुणालाच सांगता येईना. मोबाइल काढले, त्यावरही पटकन सापडेना. शेवटी एका मावशींनी घरी सुनेला फोन लावला आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बघायला सांगितलं. त्रयोदशी.

बाबा म्हणाले, "तेराचे पाऊणपट किती? पावनेदहा. पावनेदहाला भरती. उधान जवळ आलंय, चिखल सगला पान्याखाली. पाखरा उभी कुठं रानार? ती गेली तलावावर. चारला या, सगली हितंच दिसतील."

तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते, हा खाडीकाठचा जुना हिशेब. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण होडी काढायला पुरतो. (एक सांगते, ज्यांनी घरातलं तिथीचं कॅलेंडर काढून तिथे देखावा टांगला, त्यांनी ते परत लावावं. मुलांना चंद्र आणि पाणी यांचं नातं त्याच्यावरून शिकवता येतं.)

आमच्यातले अर्धे जण रिक्षा करून पामबीच रस्त्यालगतच्या तलावावर गेले. पाणी उथळ, आणि त्यात सगळे रोहित दाटीवाटीने एका पायावर उभे! बाकीचे चार वाजता जेट्टीवर परत आले, तर ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर गुलाबी रेघ लांबवर पसरलेली, चोची खाली, खाणं चाललेलं.

आता त्या शून्याकडे बघा. साडेनऊला जेट्टीवर शून्य, त्याच वेळी तलाव भरलेला, चारला जेट्टी भरलेली. तीन नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या की दिसतं, खाडी ही त्यांची जेवायची जागा आणि तलाव ही भरतीच्या वेळची विसाव्याची जागा. एक गेली तर दुसरी पुरत नाही. उद्या कुणी म्हणालं, तलाव बुजवा, पक्षी खाडीत जातील, तर त्याला उत्तर द्यायला ते शून्य लागतं. नाही दिसले तरी लिहा, ते याचसाठी.

त्या दिवसापासून आमच्या वहीत वेळेच्या शेजारी भरती-ओहोटीचा रकाना आहे, आणि बाबा गणनेला येतात.

आकड्यांना वजन असतं, श्रोतेहो. ठाणे खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. रामसरच्या निकषांत एक असा आहे की त्या जागी नेहमी 20,000 किंवा जास्त पाणपक्षी असावेत, आणि एक असा की एखाद्या जातीच्या एकूण संख्येतला निदान 1 टक्का तिथे असावा. हे कुणीतरी उन्हात उभं राहून मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

ज्यांना खाडी लांब पडते त्यांच्यासाठी घोडबंदर रस्त्यावर ओवळेकर वाडीत फुलपाखरं आहेत. फेब्रुवारीत चार दिवसांची अंगणातल्या पक्ष्यांची गणना असते, त्यात गॅलरीतून पंधरा मिनिटं पाहिलं तरी चालतं. गॅलरीवरून आठवलं, कबुतरांना दाणे टाकणं थांबवा. त्याने पक्षी वाढत नाहीत, फक्त कबुतरं वाढतात आणि शेजाऱ्यांचा खोकला.

पहिल्यांदा येणाऱ्यांनी टोपी, पाण्याची बाटली आणि पेन आणावं. कपडे मातकट रंगाचे, भडक नकोत. लहान मुलांना जरूर आणा, मोजायला त्यांचे डोळे चांगले असतात. जातींची नावं येत नसतील तर काळजी करू नका, पहिल्या दिवशी जुन्या माणसाच्या शेजारी उभं राहून फक्त वही धरायची असते. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात गेलात तर खाडीची तोंडओळख होईल. आणि गणनेच्या दिवशी निघण्याआधी भरतीची वेळ बघून घ्या.

नमस्कार.