मागच्या दारानं परत आलेली बातमी

(पडद्यावर काळी खिडकी. ट्रेसराउट चालू आहे.)

ट्रेसराउट पॅकेटच्या, म्हणजे डेटाच्या तुकड्याच्या, वाटेतला एकेक राउटर ओळीओळीनं दाखवतो. पहिली ओळ आली. मग दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या ओळीत पुन्हा पहिलाच पत्ता. नवव्या ओळीतही तोच. ३० ओळी झाल्यावर ट्रेसराउट स्वतःच दमून थांबला. पॅकेट त्याच राउटरांत गोल फिरतंय: हा लूप.

साधं पॅकेट इतक्यात सुटत नाही. लिनक्सच्या संगणकावरून ते सहसा ६४ टीटीएल (किती राउटर ओलांडायची मुभा, तो आकडा) घेऊन निघतं आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. चार राउटरांचा लूप असेल, तर घाण्याच्या बैलासारख्या १६ फेऱ्या होतात आणि मगच ते मरतं. प्रत्येक फेरीत ते बॅकअप लिंकवरून जातं, आणि ती लिंक तर आधीच अरुंद असते.

(लॅपटॉपवर नेटवर्कचा नकाशा.)

हे सहा राउटर आम्ही लॅपटॉपवर उभे केलेत. तीन ग्राहकाचे: मुख्यालय, कारखाना आणि शाखा. यांना सीई, म्हणजे कस्टमर एज, म्हणतात. त्यांच्यासमोर प्रोव्हायडरचे, म्हणजे साइट जोडून देणाऱ्या कंपनीचे, तीन: पीई, प्रोव्हायडर एज. सीई आणि पीई आपसात ओएसपीएफ बोलतात. पीई एकमेकांशी बीजीपी. राउटरांनी एकमेकांना वाटा सांगायच्या या दोन भाषा. एरिक रोझेन आणि याकोव्ह रेख्टर यांनी १९९९ मध्ये आरएफसी २५४७ मध्ये मांडलेली एमपीएलएस व्हीपीएनची, म्हणजे प्रोव्हायडरच्या सामायिक जाळ्यातून चालणाऱ्या ग्राहकाच्या खाजगी जाळ्याची, रचना ती हीच.

आता मुख्यालय आणि कारखाना यांच्यात एक थेट लिंक ओढू. प्रोव्हायडर पडला तर काम अडायला नको, एवढाच हेतू. धंद्यातले लोक तिला बॅकडोअर लिंक म्हणतात. नाव अगदी चपखल आहे, कारण पुढचा सगळा घोळ या मागच्या दारानंच आत येतो.

शाखेचं नेटवर्क १०.३०.०.०. त्याची बातमी शाखेच्या पीईकडून बीजीपीनं मुख्यालयाच्या पीईकडे येते. तो ती ओएसपीएफमध्ये उतरवून मुख्यालयाला सांगतो. मुख्यालय मागच्या दारानं कारखान्याला सांगतं. कारखाना, बिचारा, ती आपल्या पीईच्या कानावर घालतो.

या पीईला हीच बातमी बीजीपीनं आधीच कळलेली असते. आता ती ओएसपीएफनंही आली. सिस्कोच्या राउटरवर आतल्या बीजीपीची डिस्टन्स २००, ओएसपीएफची ११०. आकडा लहान, त्याच्यावर भरवसा जास्त. पीई ओएसपीएफचं ऐकतो आणि शाखा कारखान्यातून गाठता येते, असं बीजीपीत जाहीर करून टाकतो. गावभर फिरलेली बातमी घरी परत आली आणि घरच्यांनी ती नवी म्हणून ऐकली, त्यातला हा प्रकार.

गंमत म्हणजे, अजून काहीच बिघडलेलं दिसत नाही. मुख्यालयाचा पीई शाखेच्या पीईकडून आलेला स्वस्त रूटच वापरतो आणि पिंग चालतं. असं नेटवर्क महिनोन्‌महिने सुखात नांदू शकतं.

(हात पुढे येतो. नकाशावरची शाखेची लिंक तुटते.)

शाखा गेली. खरा रूट मागे घेतला गेला, पण कारखान्याकडून आलेला खोटा उरलाच. मुख्यालयाचा पीई तो उचलतो, पुन्हा मुख्यालयाला सांगतो, मुख्यालय कारखान्याला… मेलेल्या नेटवर्कचं भूत स्वतःच स्वतःला जेवू घालतं. दर फेरीला रूटची किंमत वाढते खरी. तीन लिंकची किंमत प्रत्येकी १० धरली, तर फेरीला ३०. ओएसपीएफची कमाल मर्यादा १,६७,७७,२१५. एकच एलएसए (ओएसपीएफमधली बातमीची चिठ्ठी) पाच सेकंदांच्या आत पुन्हा काढता येत नाही, हा नियम धरला तर हे भूत उतरायला महिन्याहून जास्त लागेल.

उतारा एका बिटाचा आहे. २००६ च्या आरएफसी ४५७६ नं तो लेखी दिला: डीएन बिट. डीएन म्हणजे डाऊन. पीई बीजीपीतली बातमी ग्राहकाकडे खाली उतरवताना एलएसएच्या ऑप्शन्स खान्यातला सगळ्यात वरचा बिट चालू करतो. दुसऱ्या पीईला ग्राहकाकडून असा शिक्का मारलेला एलएसए आला, तर तो रूट काढताना त्याला हिशेबातच धरत नाही. खाली उतरलेलं पुन्हा वर चढत नाही.

मग आपल्या लॅबमध्ये लूप झाला कसा? कारखान्याच्या पीईवर आम्ही मुद्दाम एक ओळ टाकली होती: कॅपेबिलिटी व्हीआरएफ-लाइट. ही आज्ञा डीएनची तपासणीच बंद करते. ती आहे ग्राहकाच्या राउटरसाठी, जो स्वतः व्हीआरएफ (एकाच राउटरमधले वेगवेगळे रूट-तक्ते) चालवत असल्यामुळे स्वतःला पीई समजून चांगले रूट फेकून देतो. "रूट दिसत नाहीत" म्हणून कुणी घाईत ती पीईवर टाकली, की कुलूप उघडंच राहिलं.

शिक्का पुसलाही जातो. मागच्या वाटेत ओएसपीएफचे रूट ईआयजीआरपी या तिसऱ्या भाषेत आणि तिथून परत ओएसपीएफमध्ये ओतले, तर एलएसए नवा जन्मतो, कोऱ्या बिटाचा. तिथे रूट-मॅप, म्हणजे रूटसाठीचे नियम, लिहून टॅग, म्हणजे ओळखीचा आकडा, हातानं मारावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच राहून जातं.

साइट आणि पीई यांच्यात ओएसपीएफऐवजी बीजीपी असेल तर एएस-पाथ, म्हणजे रूट ज्या जाळ्यांतून आला त्यांच्या क्रमांकांची (एएस) यादी, लूप अडवतो. पण सगळ्या साइटना एकच एएस देऊन एएस-ओव्हरराइड चालवलं, म्हणजे पीईनं त्या यादीत साइटच्या जागी स्वतःचा एएस लिहिला, की ती राखण गेली. मग रूटवर साइट-ऑफ-ओरिजिन, म्हणजे तो कुठल्या साइटचा याची खूण, लावतात: दोन पीईंना जोडलेल्या साइटचे रूट तिच्याकडेच परत जात नाहीत. त्याचीही किंमत आहे. ती साइट आतून दुभंगली, तर दोन्ही तुकडे व्हीपीएनमधून एकमेकांना गाठू शकत नाहीत.

(कीबोर्डचा आवाज. व्हीआरएफ-लाइटची ती ओळ खोडली जाते. शाखेची लिंक जोडून पुन्हा तोडली जाते.)

आता मुख्यालयातून पिंग. मुख्यालयाच्याच राउटरचं उत्तर, लगेच: डेस्टिनेशन अनरीचेबल.