हनीड्यू: एका सकाळचं फूल

(दृश्य: पहाट. वेलीचा वाफा. एक कळी हळूहळू उमलते.)

ऊन अजून वाफ्यावर आलेलं नाही. हनीड्यूच्या, म्हणजे फिकट हिरव्या गराच्या खरबुजाच्या, वेलीवर हे फूल आत्ता उघडतंय. पिवळं, पाच पाकळ्यांचं, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचं. ऊन चढलं की ते मिटायला लागेल आणि पुन्हा उघडणार नाही. फळ धरणार की नाही, ते याच चार-पाच तासांत ठरायचं आहे.

जरा खाली वाकून बघा. पाकळ्यांच्या मागे करंगळीच्या टोकाएवढा हिरवा फुगवटा दिसतो. त्याच्यावर पांढरी, मऊ लव आहे. पुढे दीड-दोन किलोंचं होणारं फळ ते हेच.

आता शेजारचं फूल पाहा. रंग तोच, आकार तोच, पण मागे फुगवटा नाही, नुसता बारीक देठ. हे नर फूल.

(दृश्य: वेलीचा मुख्य शेंडा, मग बगलफूट.)

वेल फुलायला लागली की सुरुवातीला सगळी नर फुलंच येतात. पानांच्या बेचक्यात, झुपक्यानं. आठवडाभर ती येतात आणि गळतात. घरी पहिल्यांदा वेल लावणारा माणूस इथंच घाबरतो. फुलं गळतात म्हणून पाणी वाढवतो, खत वाढवतो. तसं काही करू नका. वेलीचं काही बिघडलेलं नाही. फळ धरणारी फुलं मागाहून येतात आणि मुख्य वेलीवर नाही, तर ह्या बगलफुटींवर, पहिल्या-दुसऱ्या पेऱ्याला. म्हणून तर पाच-सहा पानं झाल्यावर मुख्य शेंडा खुडला. तो खुडला की बगलफुटी लवकर सुटतात. या वेळी नत्र जास्त झालं तर पानं हातभर होतात आणि फुलं मागे पडतात. लावणीच्या वेळी आळ्यात मुरलेलं शेणखत भरपूर घातलं असेल, तर एवढ्यात आणखी काही घालायची गरज नाही.

(दृश्य: मधमाशी फुलात शिरते. अगदी जवळून. निवेदन नाही, फक्त गुणगुण.)

फळ धरणाऱ्या फुलात बहुधा पुंकेसरही असतात. म्हणजे फूल उभयलिंगी. तरी त्याचे पराग आपले आपण शेजारच्या कुक्षीवर, म्हणजे पराग झेलणाऱ्या मधल्या चिकट भागावर, पोचत नाहीत. ते जड असतात, चिकट असतात, वाऱ्यानं उडत नाहीत. इतक्या जवळ असूनही ते उचलून नेणारं कुणीतरी लागतं.

ती आली. तिच्या पायांवरची पिवळी भुकटी बघा. फळ नीट भरायचं तर एकदा येऊन भागत नाही, एका फुलावर दहा-पंधरा खेपा व्हाव्या लागतात. खेपा कमी पडल्या तर फळ एका बाजूला बसकं राहतं, नाहीतर लहानपणीच पिवळं पडून गळतं.

आम्हाला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते हे: फूल उघडं असताना वेलीवर काहीही फवारू नका. सेंद्रिय असलं तरी नाही. पहिल्या हंगामात आम्ही तांबड्या भुंगेऱ्यांच्या भीतीनं भर सकाळी फवारणी केली होती. भुंगेरे गेले, मधमाश्याही गेल्या. त्या वेलींवर एकही फळ मोठं झालं नाही.

(दृश्य: हातानं भुंगेरे वेचणं. दव असलेली पानं.)

यंदा भुंगेरे असे वेचले. तांबडं फुटायच्या वेळी ते गारठलेले असतात, चटकन उडत नाहीत. साबणाच्या पाण्याचं भांडं खाली धरलं की अर्ध्या तासात वाफा साफ होतो. रोपं लहान असताना वर जाळी होती. पहिलं फळफूल दिसलं त्याच दिवशी ती काढून टाकली, कारण जाळी मधमाशीलाही अडवते.

आणि मधमाशी येतच नसेल तर? उंच गच्चीवर, बंद बाल्कनीत असं होतं. मग हातानं परागीभवन करायचं.

(दृश्य: नर फूल खुडणं, पाकळ्या मागे दुमडणं.)

ताजं उमललेलं नर फूल घ्यायचं. पाकळ्या मागे वळवायच्या, म्हणजे मधला पिवळा भाग पुढे येतो. तो फळफुलाच्या मध्यभागी, चिकट कुक्षीवर, हलक्या हातानं फिरवायचा. चोळायचं नाही, टेकवायचं. एका फळफुलाला दोन-तीन नर फुलं वापरा. आणि हे सकाळीच. चहा झाल्यावर, पेपर वाचल्यावर म्हणाल तर उशीर झालेला असतो.

(दृश्य: चार दिवसांनंतरचं तेच फळ. मग दहा दिवसांनंतरचं.)

धरलं. फुगवटा खाली झुकला, फुगायला लागला. एका वेलीवर दोन, फार तर तीन फळं ठेवली आणि बाकीची खुडली. मांडवावर चढवलेल्या वेलीला फळाखाली कापडाची झोळी बांधली, जमिनीवरच्या फळाखाली वाळलं गवत घातलं. पाणी बुंध्याशी दिलं, पानांवर नाही. तरी पानांवर भुरी रोग आला, फळमाशीनं दोन फळं खाल्ली.

(दृश्य: पिकत आलेलं फळ. बोट सालीवरून फिरतं.)

हनीड्यू ज्या गटात मोडतं त्याचं शास्त्रीय नाव ‘इनोडोरस’, म्हणजे वास नसलेलं. साध्या खरबुजासारखा घमघमाट इथं सुटत नाही, आणि पिकल्यावर फळ देठापासून आपोआप सुटतही नाही. बोटांनीच ओळखावं लागतं. कोवळेपणीची लव झडून गेलेली असते. हिरवट पांढरा रंग जाऊन साय धरल्यासारखा पिवळसर होतो. साल किंचित मेणचट लागते. फुलाकडचं टोक अंगठ्यानं दाबलं तर जरासं दबतं. फळ धरल्यापासून इथवर यायला दीड महिना लागला.

विक्रीचं हनीड्यू बऱ्याचदा आधीच तोडतात आणि इथिलीन वायू देऊन पिकवतात. त्यानं गर मऊ होतो, गोडी वाढत नाही. या फळात साखर भरते ती शेवटच्या दोनेक आठवड्यांत, पानांकडून, देठातून. तोडलं की ती वाट बंद. म्हणून शेवटचे आठ-दहा दिवस पाणी कमी केलं, पण पानं सुकू दिली नाहीत. तोडायची घाई नाही केली.

(दृश्य: कात्रीनं देठ कापणं. फळ दोन्ही हातांत.)

देठ थोडा ठेवून कापायचं.

(दृश्य: सुरी. फळ दुभंगतं. फिकट हिरवा गर, मध्ये बियांच्या दाट रांगा.)

बिया मोजायच्या म्हटलं तर काहीशे भरतील. यातली प्रत्येक भरलेली बी म्हणजे त्या सकाळी कुक्षीवर पोचलेला एक परागकण.

(दृश्य: वाफा. नवं फूल. गुणगुण. निवेदन नाही.)