टाचेवरचा रक्ताचा थेंब

हे टिपकागदासारखं जाडसर कार्ड. त्यावरचे गोल डाग आता तपकिरी पडलेत. बाळ जन्मलं की पहिल्या काही दिवसांत त्याच्या टाचेला टोचून हे रक्त घेतात. अमेरिकेतल्या बफेलोच्या डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत आणली, ती फिनाइलकीटोन्युरिया या जन्मजात आजारासाठी, मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी नव्हे. तपासणी झाली की कार्डाचं काम संपायचं. पण काही देशांत ही कार्डं कुणी टाकून दिली नाहीत, आणि ते किती बरं झालं! त्यांतूनच या कर्करोगाची सुरुवात कळली.

आता नीट बघा. पंचनं डागातून एक बारीक चकती कापली जातेय. एवढ्याशा सुकलेल्या रक्तातून डीएनए निघतो.

लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधले मेल ग्रीव्ह्ज आणि त्यांचे सहकारी अशाच कार्डांकडे वळले. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या सर्वात नेहमीच्या प्रकारात (अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) सुमारे चौथ्या हिश्शाच्या मुलांत गुणसूत्र १२ आणि २१ तुटून एकमेकांना चुकीची जोडलेली असतात. ही जोड नेमकी कुठे बसली, ती जागा प्रत्येक मुलात वेगळी. म्हणून मूल आजारी पडल्यावर त्याच्या पेशीतली जागा वाचायची आणि तीच खूण त्याच्या जन्मावेळच्या कार्डावर शोधायची. १९९९मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या कार्डांवर ती सापडली. आजार दिसायच्या कितीतरी आधी, आईच्या पोटातच ही चूक घडून गेली होती.

ती आईवडिलांकडून आलेली नव्हती. पेशी वाढताना आपोआप घडलेली होती. शंभरातल्या एक ते पाच नवजात बाळांत अशी जोड असते, आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे काहीही होत नाही. आजार व्हायला नंतर आणखी जनुकीय बदल घडावे लागतात.

मग वारशाचं काय? २००९मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या संशोधकांना आयकेझेडएफ१ आणि एआरआयडी५बी या जनुकांतले, या कर्करोगाशी जोडलेले जन्मजात फरक सापडले. अशा एखाद्या फरकानं धोका साधारण दीडपट होतो. पण मुळात धोकाच दोन हजारांत एका मुलाला, त्याचा दीडपट! इतका किरकोळ फरक कुणाच्या घराण्यावर दोष ठेवायला पुरत नाही. ग्रहण पाळलं नाही, डोहाळे पुरवले नाहीत, माहेरच्यांच्या रक्तातच काहीतरी आहे, असं ज्या आईला ऐकावं लागतं, तिच्या घरच्यांनी हे कार्ड जरूर पाहावं.

जनुकांतल्या फरकांचा उपयोग उपचारातही होतो. एनयूडीटी१५ या जनुकातला एक बदल युरोपीय मुलांपेक्षा भारतीय मुलांत जास्त आढळतो. तो असला, तर या कर्करोगावरच्या मर्कॅप्टोप्युरिन या औषधाच्या नेहमीच्या डोसानं पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात, म्हणून डॉक्टर डोस कमी करतात.